व्हॉलीबॉल खेळणाऱ्या विद्यार्थ्याने महाविद्यालयाची तयारी कशी करावी

शालेय संघातील मुलांना मोकळा वेळ मिळाला, की ती जाळ्याजवळ रांग लावून स्मॅश मारत बसतात. महाविद्यालयाच्या निवड चाचणीत मात्र जाणत्या प्रशिक्षकाची नजर आधी समोरची सर्व्हिस कोण कशी घेतो याकडे जाते, कारण पहिला पास लिफ्टरपर्यंत, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्या खेळाडूपर्यंत, नीट पोहोचला नाही, तर स्मॅशर कितीही उंच उडणारा असला तरी त्याचा उपयोग होत नाही. म्हणून आठवी-नववीपासूनच सरावाचा निदान निम्मा वेळ पासला द्यावा. भिंतीवर खडूने खूण करून, पाच-सहा फुटांवर गुडघे वाकवून उभे राहावे, कोपरे सरळ ठेवावीत, चेंडू मनगटांच्या वरच्या सपाट भागावर घ्यावा आणि तो सलग पन्नास वेळा त्याच खुणेवर पाठवावा. हे कंटाळवाणे आहे, हे मान्य. ते जमू लागल्यावर जोडीदाराला पूर्ण अंतरावरून सर्व्हिस करायला सांगावे. नऊ मीटर लांब आणि तितकेच रुंद अंगण सहा जणांनी राखायचे असते, म्हणजे नेमके काय, हे तेव्हा कळते.

दहावीपर्यंत एकाच जागेला चिकटून राहू नये. रोटेशनमुळे, म्हणजे खेळताना जागा क्रमाने फिरत असल्यामुळे, प्रत्येकाला पुढे आणि मागे, दोन्हीकडे खेळावेच लागते. उंची कमी असलेल्यांनीही खेळ सोडण्याचे कारण नाही. 1998 मध्ये आलेल्या लिबेरोच्या, म्हणजे फक्त मागच्या रांगेत खेळणाऱ्या बचावपटूच्या, जागेवरील खेळाडूला ब्लॉक करता येत नाही आणि जाळ्याच्या उंचीवरून स्मॅशही मारता येत नाही, पण चांगला पास घेणाऱ्या बुटक्या खेळाडूसाठी ती जागा हक्काची आहे. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागले, तर उड्या थांबवून डॉक्टरांना दाखवावे. पट्टा बांधून स्पर्धा रेटू नये.

आता कागदपत्रांविषयी, कारण चांगले खेळाडू मागे पडतात ते बहुधा येथेच. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात आणि संघ तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी वर जातो. प्रत्येक पायरीचे प्रमाणपत्र हाती येताच त्यावरील नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहावी. माझ्या एका विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रावर आडनावातील एक अक्षर चुकले होते. ते दुरुस्त करून घेण्यात ऐन प्रवेशाचे पंधरा दिवस गेले. दहावी-बारावीच्या क्रीडा सवलत गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो, तेव्हा क्रीडाशिक्षकांकडे त्याची चौकशी दिवाळीनंतर लगेच सुरू करावी.

अकरावीला महाविद्यालयात प्रवेश घेतला, की विद्यापीठाच्या स्पर्धांत खेळता येते, असा अनेक पालकांचा गैरसमज असतो. प्रत्यक्षात अकरावी-बारावीतील खेळाडू 19 वर्षांखालील शालेय स्पर्धांतच उतरतो. विद्यापीठाचा खेळ पदवीच्या पहिल्या वर्षापासून सुरू होतो. त्यामुळे बारावीनंतर महाविद्यालय नव्याने, डोळसपणे निवडावे. मैदान वापरात आहे की त्यावर गाड्या उभ्या असतात, शारीरिक शिक्षण संचालकाचे पद भरलेले आहे का, मागील दोन-तीन वर्षांत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत संघ कुठवर गेला आणि स्पर्धेमुळे बुडालेल्या प्रात्यक्षिकांची सोय कशी होते, हे कार्यालयात विचारण्यापेक्षा संध्याकाळी मैदानावर जाऊन तिथल्या मुलांनाच विचारावे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तेथून भारतीय विद्यापीठ संघ (एआययू) या संस्थेच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा किंवा राज्यातील विद्यापीठांचा 'अश्वमेध' क्रीडा महोत्सव गाठता येतो. विज्ञान शाखा घेणाऱ्यांनी सरावाची आणि प्रात्यक्षिकांची वेळ एकच येते का, हे प्रवेशाआधी पाहावे.

चाचणीच्या दिवशी अर्धा तास आधी पोहोचून अंग गरम करावे. एखादी सर्व्हिस हातून सुटली, तर सोबत्याकडे रागाने न पाहता पुढचा चेंडू मोठ्याने 'माझा' म्हणून मागावा. लिफ्टर असाल, तर तुमच्या बाजूला दिलेल्या स्मॅशरना चेंडू किती उंच हवा, हे खेळ सुरू होण्याआधीच विचारून घ्यावे.