जुनी रोड बाईक घेताय? सोबत स्टीलची पट्टी न्या

पहिल्या ट्रायथलॉनसाठी (पोहणं, सायकलिंग आणि धावणं अशी सलग शर्यत) नवी कोरी, महागडी सायकल लागत नाही. स्प्रिंट अंतरात, म्हणजे ट्रायथलॉनच्या छोट्या प्रकारात, सायकलिंग 20 किमीच असतं. त्याला चांगली जुनी रोड बाईक आरामात पुरते. फक्त धुऊनपुसून चकाचक केलेली सायकल किती झिजली आहे, ते नुसतं बघून कळत नाही. म्हणून चेन मोजा; झिजली की ती लांबते.

1. 12 इंचांच्या पुढे थोडी जागा असलेली स्टीलची पट्टी घ्या. पेडल किंचित दाबून धरलं की चेनचा वरचा भाग ताणला जातो. पट्टी तिथे लावा. शून्य चेनच्या एका पिनेच्या (कड्या जोडणाऱ्या खिळीच्या) बरोबर मध्यावर.
2. 12 इंचांवरही पिनेचाच मध्य आला, तर चेन ठीक.
3. पिन 1/16 इंच पुढे सरकली असेल, तर चेन बदलावी लागेल. 1/8 इंच सरकली, तर कॅसेटही (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) बहुतेक गेलीच. तो खर्च सरळ किमतीतून वजा करून मागा.

मात्र नवी चेन दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. झिजलेल्या कॅसेटवर नवी चेन चढवलेली असू शकते. एखाद्या चढावर एकेक गिअर टाकून जोर लावून बघा. चेन कटकन दात सोडून घसरली, तर कॅसेट संपलेली आहे.