हाँगकाँगला जहाज एकच दिवस थांबणार असेल तर

पहिलं काम घरीच उरकायचं. भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला थोड्या दिवसांसाठी व्हिसा लागत नाही, पण २०१७ पासून आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती फुकट असते, उत्तर तिथल्या तिथे मिळतं आणि सहा महिने चालते. मिळालेला कागद पांढऱ्या ए-फोरवर छापून जवळ ठेवायचा. आपल्या लोकांची गडबड होते ती नावात. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत, आणि स्वतःचं व नवऱ्याचं नाव मिळून दुसऱ्या ओळीत. आमच्या वन्संचा फॉर्म कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत भरला, तर तिथल्या मुलाने भाऊजींचं नाव आडनावात ढकललं. निघायच्या आदल्या आठवड्यात लक्षात आलं, म्हणून निभावलं. पासपोर्ट समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर बघून स्वतःच भरा.

मग जहाज कुठे लागणार ते विचारा. ओशन टर्मिनलला लागलं तर नशीब उघडलं, बाहेर पडून पाच-दहा मिनिटं चाललात की पलीकडच्या बेटावर नेणाऱ्या स्टार फेरी बोटीचा धक्का. पण मोठी जहाजं बहुधा काई ताकला लागतात. हे जुन्या विमानतळाच्या धावपट्टीचं टोक. विमानतळ १९९८ मध्ये बंद झाला, टर्मिनल २०१३ मध्ये सुरू झालं. इमारतींच्या गच्च्यांवरून विमानं उतरायची ती हीच जागा, त्यामुळे आमचे हे पहाटेपासून डेकवर. इथून चालत कुठेच पोचत नाही. सरळ लाल टॅक्सी करा, रोख हाँगकाँग डॉलर जवळ ठेवा आणि जायच्या जागेचं नाव चिनी अक्षरांत मोबाईलवर दाखवा. परतीसाठी टर्मिनलचं नावही असंच साठवून ठेवा. संध्याकाळी हातवारे करायची पाळी येऊ नये.

टॅक्सी चिम शा चुईच्या स्टार फेरी धक्क्यापर्यंतच. तिथे ४४ मीटर उंच घड्याळाचा मनोरा आहे. जुन्या रेल्वे स्टेशनचं तेवढंच शिल्लक राहिलंय. त्याच्यापाशीच हिरवी-पांढरी फेरी सुटते. १८८८ मध्ये ही फेरी कंपनी काढली दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थांनी. आडनाव ऐकून वन्सं म्हणाल्या, "म्हणजे आपलीच की!" भाडं पाच-सहा डॉलर. वर बसा, वारा आणि देखावा दोन्ही मिळतं. बाकांच्या पाठी पुढेमागे फिरतात. बोट वळतच नाही, जशी येते तशीच उलटी जाते. म्हणून बसणाऱ्यानेच पाठ ढकलून तोंड फिरवायचं. निळ्या गणवेशातला खलाशी लांब काठीच्या आकड्याने दोर ओढून घेतो, फळी धाडकन पडते, की लोक निघाले. भाऊच्या धक्क्याची हमखास आठवण येते, फक्त इथे कोणी ढकलत नाही. दहा मिनिटांचा प्रवास, पण माझ्या मते दिवसातला सगळ्यात चांगला पैसा इथे वसूल होतो.

पलीकडे हाँगकाँग बेटावरचं सेंट्रल. पीकवर, म्हणजे इथल्या डोंगरमाथ्यावर, जायला डोंगर चढणाऱ्या ट्रामची रांग लावू नका. आमच्यासारखे जहाजावरचे दोन-तीन हजार लोक त्याच रांगेत असतात. १५ नंबरची बस घ्या, वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडा. घाटरस्ता आहे, फांद्या काचेवर आपटतात. सुटे पैसे मोजून ठेवा, बसमध्ये उरलेले परत मिळत नाहीत. वर तिकिटाच्या गच्चीचा मोह टाळा. लुगार्ड रोडने थोडं चाललात की तोच देखावा फुकट.

मार्च-एप्रिलमध्ये मात्र आधी वर बघा. डोंगर ढगात असेल तर वर जाऊन पांढरं धुकंच दिसणार. त्यापेक्षा डायमंड हिलचा ची लिन मठ गाठा, काई ताकपासून जवळ आहे. सगळं लाकूडकाम खिळ्यांशिवाय खाचांत बसवलेलं. शेजारच्या नान लियान बागेत शाकाहारी जेवण मिळतं, हा मोठाच आधार. बाहेर नुसती पालेभाजी मागवली तरी वर शिंपल्यांचा ऑयस्टर सॉस ओतून येतो. वरण-भाताशिवाय चालतच नसेल तर नेथन रोडवर चुंगकिंग मॅन्शन्स ही इमारत आहे, तिच्यात भारतीय जेवणाची हॉटेलं आहेत. दारातच हॉटेलांचे एजंट गाठतात. मान हलवून पुढे जा आणि स्वतः बघून हॉटेल निवडा.

बेटावर वेळ असेल तर दुमजली ट्राममध्ये बसा. १९०४ पासून धावतेय. मागून चढायचं, पुढून उतरताना पैसे टाकायचे.

जहाज सहाला सुटणार असेल तर सगळ्यांनी परत यायची वेळ त्याच्या बरीच आधी असते, ती सकाळी निघतानाच फोनमध्ये गजर लावून ठेवा. फोनवर भारतातली वेळ राहिली असेल तर अडीच तासांचा घोळ होतो. आम्ही दीड तास हातात ठेवून परतलो. काई ताक टर्मिनलच्या गच्चीवर बाग आहे, तिथे बसून समोर आपलंच जहाज बघत वन्संनी घरून आणलेल्या चिवड्याची पुडी फोडली.