मॅकबेथ वाचताय? सोप्या शब्दांपासून सांभाळा

एमए इंग्लिशला नवीन आलेल्यांची एकच तक्रार असते, मॅकबेथ उघडला की पहिल्या पानापासून डिक्शनरी लागते, पुढं कसं व्हायचं. मी मराठी मीडियमची, बारावीपर्यंत शेक्सपिअरचं फक्त नाव ऐकलेलं, त्यामुळे तो धसका काय असतो ते मला चांगलं माहितीये आणि खरं सांगायचं तर अजूनही त्याचं न वाचलेलं नाटक हातात आलं की पोटात गोळा येतोच. पण अवघड शब्दांचं इतकं टेन्शन घेऊ नका. 'इनकार्नडाइन' दिसला की आपण थांबतो, अर्थ बघतो, डंकन राजाच्या खुनानंतर मॅकबेथ म्हणतोय की माझ्या या हातानं अख्खे समुद्र लाल होतील, एवढं कळलं की तो शब्द आयुष्यभर विसरत नाही. शिवाय लगेच पुढं 'ग्रीन', 'रेड' असे साधे शब्द घालून शेक्सपिअरनं तेच पुन्हा सांगितलंय.

घात करतात ते ओळखीचे शब्द. हे मी जरा सविस्तर सांगते कारण यानंच मला सगळ्यात जास्त छळलं. चौथ्या अंकाचा तिसरा प्रवेश काढा. रॉस हा सरदार इंग्लंडमध्ये येऊन डंकनचा मुलगा मॅल्कम आणि सरदार मॅकडफ यांना स्कॉटलंडची अवस्था सांगतोय, लोक उसासे टाकतायत, किंचाळतायत, कुणाचं लक्षही जात नाही, आणि त्यातच तो म्हणतो की तिथं 'व्हायलंट सॉरो' म्हणजे 'मॉडर्न एक्स्टसी' वाटते. आता मॉडर्न म्हणजे आधुनिक, एक्स्टसी म्हणजे परमानंद, दोन्ही आपल्याला पाठ, मग डिक्शनरी कोण कशाला उघडेल? आणि आरटीसीच्या, म्हणजे दिलेल्या ओळींचं संदर्भासहित स्पष्टीकरण लिहायच्या उत्तरात आधुनिक आनंद असं काहीतरी लिहून मोकळे होतो, मग पुढचं अख्खं उत्तर त्याच वाटेनं जातं. त्या काळी मॉडर्न म्हणजे नेहमीचं, सर्रास दिसणारं. एक्स्टसी म्हणजे मन थाऱ्यावर नसणं, मग ते आनंदानं असो की यातनांनी. म्हणजे रॉस सांगतोय की दुःखानं वेडंपिसं होणं तिथं रोजचंच झालंय. तिसऱ्या अंकात मॅकबेथ 'रेस्टलेस एक्स्टसी' म्हणतो तेव्हाही मनाचा छळच आहे. आणि रॉसच्या त्या बोलण्यानंतर थोड्याच वेळात मॅकडफला स्वतःच्या बायकोमुलांच्या कत्तलीची बातमी कळते, त्यामुळे ती ओळ चुकली की प्रवेशाचा जीवच जातो.

असे शब्द पानोपानी आहेत. त्याच प्रवेशात मॅल्कम मॅकबेथला 'लक्झुरियस' म्हणतो ते कामांध या अर्थानं, ऐषारामाचा तिथं संबंध नाही. बँकोच्या भुताच्या डोळ्यांत 'स्पेक्युलेशन' नाही म्हणजे दृष्टी नाही. बायकोला लिहिलेल्या पत्रात राजाकडून 'मिसिव्ह्ज' आले असं मॅकबेथ लिहितो, ती पत्रं नव्हेत, निरोप घेऊन आलेली माणसं आहेत. 'स्टिल' तर बऱ्याच वेळा 'नेहमी' या अर्थानं येतो.

म्हणून खिशातली इंग्रजी-मराठी डिक्शनरी आणि मोबाईलवरचं ट्रान्सलेशन या नाटकापुरतं बाजूला ठेवा, ते आजचा अर्थ देतात. तळटिपा असलेली आर्डनसारखी आवृत्ती लायब्ररीतून घ्या. शेक्सपिअरच्या शब्दांचे खास कोशही आहेत, ओनियन्सची 1911 ची ग्लॉसरी आहे, श्मिटचा दोन खंडांचा लेक्सिकन आहे, तो नेटवर फुकट वाचता येतो. शेजारी मॉडर्न इंग्लिश छापलेल्या आवृत्त्या मला अजिबात पटत नाहीत, नजर सारखी सोप्या पानावर जाते आणि मूळ ओळ वाचलीच जात नाही. गाईडचं तर नावच नको. नोट्स डिक्टेट करणाऱ्या सरांपेक्षा ओळ मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या मॅडम मिळाल्या तर त्यांना सोडू नका, भले पोर्शन मागं राहिला तरी चालेल.

आणि एका बाबतीत आपण मराठीवाले फायद्यात आहोत बरं का. 'दाउ' आणि 'यू' मधला फरक आपल्याला तू-तुम्हीमुळे चटकन कळतो. पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात लेडी मॅकबेथ नवऱ्याला आधी 'यू' म्हणत असते आणि मग एकदम 'आर्ट दाउ अफिअर्ड' म्हणते, म्हणजे घाबरलास का तू, आणि लगेच परत 'यू' वर येते. ती त्याला कुठं टोचतेय हे मोठ्यानं वाचलं की कानालाच कळतं, टीप बघायची गरज पडत नाही.

वहीत सुटे शब्द लिहू नका, पूर्ण ओळ लिहा, कोण कुणाला म्हणतंय ते लिहा, खाली अर्थ मराठीत लिहिला तरी चालतो, त्यात कमीपणा काही नाही. याद्या पाठ करून परीक्षेत उतरणारे मी पाहिलेत, ओळ बदलली की अडकतात.

सुरुवात पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशापासून केलीत तरी चालेल, लेडी मॅकबेथ झोपेत चालते तो. जवळजवळ सगळा गद्यात आहे, वाक्यं छोटी आहेत, धीर येतो. फक्त तिथला डॉक्टर 'वॉचिंग' म्हणतो ना, ते पाहणं नाही, जागं असणं आहे.