गोधडीचा गोट कोपऱ्यात गोळा होऊ नये म्हणून

धुळे-जळगावकडे थंडीआधी गोधड्या शिवायला निघतात. मधले टाके छान पडतात, पण कोपऱ्यात गोट, म्हणजे काठावर शिवलेली कापडी पट्टी, गोळा होतो.

१. जुन्या सुती लुगड्याची ४ इंची सरळ पट्टी उभी दुमडून घ्या. गोधडीचा काठ सरळ असेल तर पट्टी उरेब (तिरकी) कापू नका, कापड वाया जातं.

२. पट्टीच्या मोकळ्या कडा गोधडीच्या काठाला जुळवून अर्धा इंच आत शिवा.

३. कोपरा अर्धा इंच उरला की थांबा, दोरा तोडा. पट्टी तिरकी वर दुमडा, मग सरळ खाली आणून पुढच्या काठाला लावा. सगळी गंमत या घडीतच आहे!

४. गोट मागं वळवून हातानं टाचा. पट्टीचा जोड कोपऱ्यात नको.

लाल-काळं लुगडं आधी मिठाच्या पाण्यात नव्हे, नुसत्या पाण्यात भिजवून रंग सुटतो का बघा.