आपला खासदार दिल्लीत बोलतो का? असं बघा

आधी मतदारसंघ नक्की करा. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात दोन आहेत: कागल, राधानगरी कोल्हापुरात, इचलकरंजी, शिरोळ हातकणंगल्यात. मग संसद डॉट इनवर लोकसभेच्या सदस्यांत नाव शोधा. प्रश्न, चर्चा वेगवेगळ्या दिसतात. मी आधी चर्चाच वाचतो. गंगावेशीत चहावर वाद घालायला तेच लागतं की!

प्रश्नांच्या नुसत्या आकड्याला भुलू नका. तारांकित प्रश्न पुकारला की मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो, वर पूरक प्रश्नही विचारता येतो. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. त्यात ऊस, पंचगंगेचं प्रदूषण किती वेळा आलंय ते मोजा.

हजेरी पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या साइटवर मिळते. खासदार मंत्री असेल तर शोधू नका. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, प्रश्नही विचारत नाहीत.