दहा हजार मेलबॉक्स? आधी आयनोड मोजा

मेल सर्व्हर निवडताना सगळे वेबमेलचा चेहरा पाहतात. मोठ्या संस्थेत गाडी अडते ती साठवणीपाशी. डिस्कवर जागा शिल्लक असते, तरी नवी मेल उतरत नाही, कारण आयनोड (प्रत्येक फाइलीमागे डिस्कवर लागणारी एक नोंद) संपलेले असतात.

१. मेल साठवण्याच्या मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेलची वेगळी फाइल होते. दहा हजार जणांच्या सरासरी आठ हजार मेल धरल्या, तर 8 कोटी फाइली.

२. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) नेहमीच्या सेटिंगवर दर 16 केबीमागे एक आयनोड ठेवते, म्हणजे 1 टीबीला सुमारे 6.7 कोटी. हे प्रमाण फॉरमॅट करतानाच ठरते, मागाहून बदलता येत नाही. एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टम गरजेप्रमाणे आयनोड तयार करते, म्हणून मेलडिरसाठी तीच घ्या.

३. फाइलींची संख्याच कमी करायची असेल तर पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-स्वीकारणारा सर्व्हर) सोबत डव्हकॉट (मेल साठवून वाचायला देणारा सर्व्हर) आणि त्यात एमडीबॉक्स ही साठवणीची पद्धत घ्या. एका फाइलीत अनेक मेल मावतात, बॅकअपही लवकर उरकतो.

४. शेवटचा निर्णय आयमॅपटेस्टने (मेल सर्व्हरवर ताण टाकून पाहणारे साधन) खोटे लॉगिन लादून घ्या. सकाळी कचेरी उघडतानाची गर्दी गृहीत धरा. (विक्रेत्याच्या माहितीपत्रकातला आकडा इथे उपयोगाचा नाही.)

सांभाळा: एमडीबॉक्समध्ये वाचले-न वाचलेची खूण फक्त इंडेक्समध्ये (डव्हकॉटच्या वेगळ्या सूची-फाइलींत) असते. बॅकअपमधून इंडेक्स वगळू नका. शिवाय डव्हॅडम पर्ज ही डव्हकॉटची सफाईची आज्ञा रात्रीच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामे चालवणारी सोय) टाका, नाहीतर पुसलेल्या मेलची जागा मोकळी होणार नाही.