जुन्या सीजे-३बी जीपचं पुढचं चाक थरथरत असेल तर आधी किंगपिन बघा

अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या परवान्यावर महिंद्राने बनवलेल्या जुन्या सीजे-3बीला ऑफ-रोडसाठी उभं करताना बहुतेक जण स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा दांडा) आणि मोठे टायर यांवर खर्च करतात. थरथर मात्र तशीच राहते, कारण किंगपिनची, म्हणजे चाक डावीकडे-उजवीकडे ज्या उभ्या पिनांवर वळतं त्यांची, बेअरिंगं सैल असतात.

पुढचा अॅक्सल जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा. सहायकाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. तरीही खेळ (ढिलेपणा) जाणवला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा नाही, किंगपिनचा आहे.

टाय रॉड (दोन्ही पुढची चाकं जोडणारा दांडा) सोडवा, नकलमागचं (किंगपिनवर वळणाऱ्या, चाक धरणाऱ्या भागामागचं) फेल्ट आणि ऑइल सील काढा. स्प्रिंगचा वजनकाटा नकलच्या आर्मच्या टोकाला काटकोनात अडकवून ओढा. नकल फिरायला 4 ते 6 पौंड, म्हणजे साधारण 1.8 ते 2.7 किलो ओढ लागली पाहिजे. कमी लागली तर शिम (किंगपिनखालच्या पातळ चकत्या) काढा, जास्त लागली तर घाला. वरच्या आणि खालच्या शिमची जाडी सारखी ठेवा, नाहीतर नकल मध्यावर राहत नाही. सील बसवूनच मोजाल तर घर्षणाने आकडा फसवतो. बेअरिंगच्या कपात (बाहेरच्या कड्यात) बोटाला खळगे लागत असतील तर शिमचा उपयोग नाही. कप आणि बेअरिंग जोडीनेच बदला.

नकलच्या आत असलेल्या अॅक्सलच्या टोकावरच्या गोलाचा पृष्ठभाग गंजून खरखरीत झाला असेल तर नवं सीलही लवकर फाटतं. तो आधी घासून गुळगुळीत करा. पाण्यातून गाडी काढल्यावर नकलचा प्लग उघडून बघा, वंगण दुधाळ दिसलं तर लगेच बदला.